मिनी पंप आणि सायकलचा बाकी लवाजमा : पावसाळा ते उन्हाळा वापरून

हायब्रिड सायकल आहे, ७०० × ३५ चे टायर. लिहायला बसलो ते पंपाच्या कंपनीच्या "सर, हे वॉरंटीत बसत नाही" या उत्तरामुळे.

पंप ८५० रुपयांचा. वीतभर लांब, फ्रेमला अडकतो, ६० पीएसआयपर्यंत हवा घाम काढत का होईना भरतो. बोंब पुढेच आहे. माझ्या ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्ह. पंपाची नळी त्यावर आट्यांनी बसते. हवा भरून नळी उलटी फिरवली की तिच्यासोबत व्हॉल्व्हचा कोअरच, म्हणजे हवा अडवणारा आतला भागच, सुटून हातात येतो. फुस्स! औशाच्या रस्त्यावर भर उन्हात हे झालं की तोंडातून काय निघतं ते इथे लिहिता येणार नाही. कंपनीला व्हिडिओ पाठवला, तर म्हणाले ट्यूब बदला. बदलली, तेच. पंप बदलून द्या म्हटलं, तर वॉरंटी फक्त पिस्टनला!

शेवटी लातुरात साध्या काळ्या सायकलींची पंक्चरं काढणाऱ्या मामांनी पकडीनं कोअर हलकेच आवळून दिला. पैसेही घेतले नाहीत. तेव्हापासून क्वचितच सुटतो. म्हणून तीन तारे, नाहीतर एकच देणार होतो. पण ८५० रुपये घेता, तर सोबत कोअर आवळायची एवढीशी चावी द्यायला काय जातं? नवीन घेणाऱ्यानं आट्यांऐवजी खटक्यानं बसणाऱ्या तोंडाचा पंप बघावा. आणि प्रेस्टावर बसणारं २०-३० रुपयांचं पितळी अडॅप्टर खिशात ठेवावं, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. फक्त प्रेशरवर नजर ठेवा.

एका पंपाचं एवढं कौतुक कशाला, तर आपल्याकडचे काटे. कुंपणाला टाकलेली वेडी बाभूळ बाराही महिने, आणि पावसाळा सरला की कडेच्या मातीत सराटे. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापड फिरवून बघाच. काट्याचं मोडकं टोक आत राहतं आणि नवी ट्यूबही खातं. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की वाळून जाते, म्हणून चिकटपट्टीचे पॅच ठेवतो.

सीलंट, म्हणजे भोकं बुजवायला ट्यूबमध्ये ओततात तो द्रव, मात्र मला उगं खर्च वाटायचा. सराट्यांच्या दिवसांत दोन्ही चाकांत घातला आणि मत बदललं. बारीक भोकं आपोआप बुजतात. गंमत म्हणजे तो आत ओततात कोअर काढूनच. ज्या सुटणाऱ्या कोअरला शिव्या घातल्या, तो न सुटणारा असता तर सीलंट घालता आला नसता. कंपनीला माफी नाहीच.

हेल्मेटवर चर्चा नको, घ्या. गाळप हंगामात पहाटे निघत असाल तर पुढचा दिवाही चांगल्या उजेडाचा हवा, कारण कडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. पूर्ण मडगार्ड डांबरी रस्त्याला झकास, पण पावसात पाणंदीला शिरलात की काळी माती आत ठासून चाक जाम. काडीनं उकरत बसा. जेलचं सीट कव्हर नकोच. घसरतं, उन्हात तापतं. धाकट्यानं मागितलं, लगेच देऊन टाकलं.