मेंडोलिनवर गाणारा हात कुणाचा: श्रीनिवास की जाकोब?

परभणीत मेंडोलिनची पिशवी खांद्याला लावून निघालो की वाटेत एक तरी जण विचारतोच, "बँजो का हो?" आपल्याकडे बँजो म्हणजे वरातीपुढचा, टाइपरायटरसारख्या कळांचा, भोंग्यातून गल्ली हादरवणारा. पूर्वी मला राग यायचा. आता वाटतं, विचारणाऱ्याचं फार चुकत नाही. मेंडोलिनही मुळात टणटणणारंच वाद्य. तार छेडली की सूर निघतो आणि वळून बघेपर्यंत विरतो. सतारीला निदान झंकार लांबवणारी जवारी आहे, पेटीला भाता आहे. याला काहीच नाही.

म्हणून कुणी विचारलं की "मेंडोलिनवर गाणं गायल्यासारखं, सलग वाजवणारा वादक सांगा, त्याचं ऐकून हात बसवायचा आहे", तर नावं पटकन सुचत नाहीत. वेगवान वादक ढिगाने आहेत. अमेरिकेतल्या ब्लूग्रासवाल्यांकडे, म्हणजे तिथल्या गावरान संगीतवाल्यांकडे, मी तुम्हाला पाठवणार नाही. त्यांतला बिल मन्रो थोर माणूस, पण त्याचं मेंडोलिन ठेक्यावर घाव घालतं, आणि आपल्याला हवं आहे ते हे नाही. अवि अविताल हा इस्रायली वादक बाखची रचना अशी वाजवतो की तार छेडायची नखी लागल्याचं कळतही नाही. सफाईच्या बाबतीत कदाचित तोच पहिला. पण त्याचं बरंचसं कागदावर लिहिलेलं संगीत. भजनी मंडळात कान तयार झालेल्या माणसाला तिथे थोडं पाहुण्यासारखं बसावं लागतं. माझ्यापुरतं म्हणतोय.

खरी निवड माझ्या मते दोघांत आहे. आंध्रातल्या पालकोल्लूचा, कर्नाटकी संगीत वाजवणारा यू. श्रीनिवास आणि ब्राझीलमधल्या रिओचा जाकोब दो बांदोलिम. बांदोलिम म्हणजे मेंडोलिनच, तेव्हा आपल्या भाषेत 'मेंडोलिनवाला जाकोब'. गंमत अशी की १९६९ च्या फेब्रुवारीत श्रीनिवास जन्मला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाकोब गेला.

श्रीनिवास माझ्याकडे आधी आला. आमच्या भागाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबाद, तिथून कोठीचा बाजार, आणि तिथे घेतलेली त्याची एक कॅसेट. वडिलांचं मेंडोलिन त्याने सहाव्या वर्षी हातात घेतलं. गुरू सुब्बराजू, कर्नाटकी गायक चेंबैंचे शिष्य, स्वतः मेंडोलिन वाजवत नसत. ते गायचे आणि पोरगं ते वाद्यावर काढायचं. त्या वाजवण्यात गळा का ऐकू येतो, याचं उत्तर मला इथे सापडतं. सूर एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, ओला होऊन सरकतो. कृतीच्या, म्हणजे कर्नाटकी बंदिशीच्या, आधीचा त्याचा आलाप रात्री जेवणानंतर ऐकावा. मी तर पहिल्यांदा ऐकून वाद्य आठवडाभर पिशवीतच ठेवलं होतं.

मग हुरूप आला आणि मी त्याची मींड, म्हणजे सुरावरून सुरावर ते सरकणं, माझ्या मेंडोलिनवर काढायला बसलो. इथे जे झालं त्यावरच माझा निकाल ठरला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साध्या मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात. मींड काढायला बोटाने जोडी ओढली की दोन्ही तारा सारख्या ओढल्या जात नाहीत. एक थोडी वर चढते, दुसरी मागे राहते, आणि मधे 'व्यांव व्यांव' असं भांडण सुरू होतं. सासू-सुनेचं म्हणा. त्यातून मे महिना, बेचाळीस अंशांचं ऊन, पत्र्याची खोली. दुपारी लावलेल्या तारा संध्याकाळी सुरातून ढळलेल्या. आधीच दुभंगलेली जोडी, तिला वरून मी ओढतोय. तीन महिने हे केलं. बोटांना घट्टे पडले, पण मींड काही आली नाही. घरच्यांनी फक्त दार लावून घ्यायला सुरुवात केली.

श्रीनिवासने हे भांडण मुळातच मिटवलं होतं. त्याच्या विजेवरच्या मेंडोलिनला पाचच तारा, सगळ्या एकेकट्या. मग मीही प्रत्येक जोडीतली एक तार काढून पाहिली. मींड जमू लागली, पण आवाज इतका बारीक झाला की मलाच वाकून ऐकावं लागे. म्हणजे तारांचा आवाज टिपणारा पिकअप आला, अँप आला आणि अँपला वीज आली. आमच्याकडे वीज कधी असते आणि रियाझाची वेळ कधी असते यांचा मेळ तुम्हाला माहीत आहेच.

जाकोब मला नंतर भेटला, एका मित्राच्या पेनड्राइव्हमधून. पहिल्यांदा ऐकताना काही विशेष वाटलं नाही, हे कबूल करतो. शोरो नावाचं ते ब्राझिली संगीत. साथीला गिटारी, गिटारीच्याच जातीचं छोटं काव्हाकिन्यू आणि खंजिरीच्या जातीचं पांदेरू. वरवर ऐकलं तर हॉटेलात मागे वाजत राहावं तसं. पण आठ तारांचं मेंडोलिन हातात असलेल्या माणसाने दुसऱ्यांदा ऐकावं. तो तार ओढतच नाही. मग सूर सलग कसा? एक तर डावं बोट तो पुढचा सूर लागेपर्यंत उचलत नाही, त्यामुळे मधे भोक पडत नाही. दुसरं म्हणजे त्याचा ट्रेमोलो, नखीची ती भराभर खाली-वर थरथर.

या थरथरीला आपण सिनेमातल्या गाण्यांमुळे कंटाळलोय. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया'पासून मेंडोलिन म्हटलं की मोहरीचं शेत. ऑर्केस्ट्रातले वादक प्रत्येक लांब सुरावर ती लावतात, पहिल्या क्षणापासून सारख्याच जोराने, आणि मग सूर गाण्याऐवजी थंडीत कुडकुडल्यासारखा वाटतो. जाकोब ती जपून वापरतो. आधी एक आघात, सूर विरायला लागला की हलकेच थरथर, ती फुलते आणि पुढच्या सुरात कधी विरघळली ते कळत नाही. हे ऐकताना मला आमच्या मंडळातले पेटीवाले काका आठवले. पेटीला मींड कुठे असते? पण अभंगाच्या ओळीवर ते भाता असा दाबतात की पेटी श्वास घेते. जाकोबच्या नखीत तो भाता आहे. 'व्हिब्रासोएस' ही त्याची १९६७ ची तबकडी आहे, तिच्यातली त्याच नावाची संथ रचना आधी ऐका, मग त्याचीच दुसरी रचना, 'दोसी दी कोकू'. माणूस पोटासाठी नोटरीचं काम करायचा. कचेरीत शिक्के मारून घरी येऊन वाद्य लावणाऱ्या माझ्यासारख्याला याचं थोडं जास्त कौतुक असणार, तेवढं वजा करून घ्या.

इथे कुणी जाणकार विचारेल, सज्जाद हुसेन यांचं काय? 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब'चे संगीतकार. त्यांनी साध्या मेंडोलिनवर राग वाजवले, मींडेसकट. खरं आहे. मी वर जे जमत नाही म्हणून रडलो ते त्यांना जमत होतं. ध्वनिमुद्रणं थोडी मिळतात, त्यांत खरखर असते, तरी ऐकाच. पण त्यांच्यासारखं वाजवणं हा पर्याय मला तरी यादीत धरता आला नाही.

श्रीनिवास कमी पडतो असं माझ्या तोंडून कधी येणार नाही. नुसतं ऐकायचं असेल तर मी आजही आधी त्याचीच कॅसेट शोधेन. फक्त एवढं लक्षात ठेवा की आलाप संपला की तो धावतो, आणि सुराला हेलकावे देणाऱ्या कर्नाटकी गमकात सूर क्वचितच स्थिर उभा राहतो. ज्याला एक सूर धरून बसायची सवय आहे त्याला संथ जागा शोधाव्या लागतात. जाकोबकडे त्या समोरच मांडून ठेवलेल्या असतात, आणि संध्याकाळी अंगणात बसून आठ तारांवर त्यातल्या दोन तरी आपल्याला काढता येतात.

वाद्य अजून घेतलंच नसेल तर मात्र हिशेब बदलतो. पाच तारांचं विजेवरचं घ्या, श्रीनिवासच्या मागे खुशाल जा, आणि दुकानदाराला वाद्याच्या आधी इन्व्हर्टरची किंमत विचारा.