कॉट्सवोल्ड्सला भाड्याची गाडी छोटीच घ्या

ऑक्सफर्डहून गाडी भाड्याने घेऊन कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातली बर्फर्ड, बोर्टन-ऑन-द-वॉटर, बायबरी अशी गावं फिरलो. इंग्लंडमधली पहिलीच रोड ट्रिप. भारतीय लायसन्स चाललं आणि गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे हात लगेच बसला.

काउंटरवरचा पोरगा थोडे पौंड वाढवून मोठी एसयूव्ही गळ्यात मारत होता. बॅगांकडे बघून सासूबाईंनी मान डोलावलीसुद्धा! मी मात्र छोट्या ऑटोमॅटिकवरच अडून बसले, आणि तेच बरं झालं. मुख्य रस्ता सोडला की दोन्हीकडे उंच झुडपांची कुंपणं आणि मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याला ‘पासिंग प्लेस’ (बाजूला होण्यापुरती रुंद जागा) जवळ, त्याने रिव्हर्स घ्यायचा. हॉर्न नाही, हेडलाइटची दमदाटी नाही. जाताना स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून थँक्यू. अशा बोळातही काळ्या तिरप्या पट्ट्याची पाटी, म्हणजे कायद्याने ताशी 60 मैलांची मुभा. आम्ही आपले 25 वर.

बोर्टनला पार्किंगसाठी ताटकळलो, पण तिथलं 1937 सालचं मॉडेल व्हिलेज चुकवू नका. अख्खं गाव एक-नवमांश आकारात, तिथल्याच दगडात, आणि त्यात त्या मॉडेलचंही मॉडेल! बायबरीची आर्लिंग्टन रो, म्हणजे जुन्या दगडी घरांची रांग, सकाळी लवकर गाठा, नंतर नुसत्या सेल्फी स्टिक.

गाडी परत देताना कंपनीवाले चाकाच्या रिमवरचा जुना ओरखडा आमच्या माथी मारायला निघाले होते. घेतानाच काढलेला व्हिडिओ दाखवला, तेव्हा गप्प बसले. रेटिंगमधला एक तारा तिथेच कापला.