स्कायरिमचे मॉड सांभाळायला कोण बरं: व्होर्टेक्स की मॉड ऑर्गनायझर २?

स्कायरिम हा गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि लोक अजून त्यात नवे मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल, टाकतायत. मी स्पेशल एडिशनवर खेळतो, सध्याच्या यादीत २४० च्या आसपास मॉड आहेत. मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रामांपैकी (मॅनेजर) आधी दीड वर्ष व्होर्टेक्स वापरला, मग मॉड ऑर्गनायझर २ वर आलो, त्यालाही आता चार वर्षं होत आली. नेक्सस या मॉडच्या साइटवरून मॉड कसा उतरवायचा, एसकेएसई (अनेक मॉडना लागणारा जोड प्रोग्राम) कशाला लागतं, लोड ऑर्डर (गेम मॉडच्या फाइली कुठल्या क्रमाने वाचतो) म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, पण कुठल्या मॅनेजरवर संसार थाटायचा ते ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही मनापासून बनवलेले आहेत. मुळाशी माणूसही एकच. टॅनिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने मूळ मॉड ऑर्गनायझर लिहिला, पुढे नेक्ससने त्यालाच व्होर्टेक्स उभा करायला घेतलं, आणि मॉड ऑर्गनायझर २ ची धुरा स्वयंसेवकांनी उचलली. त्यामुळे कोण जाणकार आणि कोण नवशिका हा प्रश्नच येत नाही. खरा फरक एका निर्णयात आहे: मॉडच्या फाइली गेमच्या डेटा फोल्डरमध्ये न्यायच्या की नाही.

व्होर्टेक्स नेतो. 'डिप्लॉय' दाबलं की तो प्रत्येक फाइलची हार्डलिंक डेटा फोल्डरमध्ये बनवतो. फाइल एकच, पत्ते दोन, त्यामुळे डिस्कवर जागा दुप्पट जात नाही. 'पर्ज' दाबलं की त्या लिंका निघून जातात. मॉड ऑर्गनायझर मात्र डेटा फोल्डरला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये पडून असतो. गेम मॉड ऑर्गनायझरमधून सुरू केला की तेवढ्यापुरतं गेमला असं भासवलं जातं की सगळ्या फाइली डेटामध्येच आहेत. गेम बंद झाला की तो देखावा संपतो.

हार्डलिंकचा एक नियम आपल्याकडे बऱ्याच जणांना आडवा येतो. दोन्ही पत्ते एकाच पार्टिशनवर असावे लागतात. माझा पीसी लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्यात सी, डी आणि ई असे तीन भाग पाडून मिळाले होते, आणि विंडोज असलेला सी सगळ्यात लहान. स्टीमचे गेम ई वर, आणि व्होर्टेक्सचं स्टेजिंग फोल्डर (जिथे तो मॉडच्या मूळ फाइली ठेवतो) सुरुवातीला सी वर. पहिल्याच दिवशी डिप्लॉय होईना. व्होर्टेक्स स्वतःच सांगतो की स्टेजिंग फोल्डर गेमच्या ड्राइव्हवर हलवा, आणि हलवूनही देतो, त्यामुळे अडचण दहा मिनिटांत मिटली. तुमच्या मशीनचे असेच तुकडे असतील तर ही सेटिंग आधी बघून घ्या, एवढंच.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो.

यादी पन्नास-साठ मॉडच्या पुढे गेली की फक्त मॉड टाकून भागत नाही. एसएसईएडिट उघडून प्लगइनमधले (गेममधल्या नोंदी बदलणाऱ्या मॉडच्या फाइलींमधले) रेकॉर्ड जुळवावे लागतात, बॉडीस्लाइडमधून शरीराचे आणि कपड्यांचे मेश (त्रिमिती आकार) बनवावे लागतात, हालचालींच्या मॉडसाठी नेमेसिस चालवावं लागतं. ही सगळी अवजारं डेटा फोल्डरमध्ये लिहितात. व्होर्टेक्सखाली तो फोल्डर खरोखरच्या फाइलींनी भरलेला असतो. अवजाराने नवी फाइल लिहिली तर ती तिथे तशीच पडून राहते, कुठल्याच मॉडच्या नावावर चढत नाही. अवजाराने लिंक असलेल्या फाइलमध्येच लिहिलं तर पत्ते दोन असले तरी फाइल एकच, म्हणून स्टेजिंगमधली मूळ फाइलही गुपचूप बदलते. आणि अवजाराने जुनी फाइल बाजूला करून त्याच नावाची नवी ठेवली तर लिंक तुटते. मग पुढच्या डिप्लॉयला व्होर्टेक्स खिडकी उघडतो: बाहेरून फाइली बदलल्या आहेत, बदल ठेवायचा की मूळ फाइल परत आणायची? खाली फाइलींची यादी.

ही खिडकी चुकीची नाही. ती विचारते तेच बरं, न विचारता काही केलं असतं तर जास्त नुकसान झालं असतं. पण ती मला आठवड्यातून तीन-चार वेळा दिसायला लागली. कधी दोन फाइली, कधी तीस. दर वेळी आठवायचं की ही फाइल मी बदलली, की कुठल्या अवजाराने, की एखाद्या अर्धवट अपडेटने. गेममधल्या व्हाइटरन शहराच्या बाजारात दिव्यांचा एक मॉड आणि झाडांचा एक मॉड एकमेकांत अडकले होते. ते सोडवण्यासाठी दिव्यांच्या मॉडचा प्लगइन मी एसएसईएडिटमध्ये तीन संध्याकाळी दुरुस्त करत बसलो होतो. तिसऱ्या रात्री काम संपलं, सेव्ह केलं, व्होर्टेक्स उघडला, खिडकी आली. यादी लांब होती, बहुतेक बॉडीस्लाइडच्या फाइली. त्या मला नको होत्या, म्हणून सगळ्यांना एकदम 'मूळ फाइल परत आणा' म्हटलं. माझा प्लगइन यादीत खाली कुठेतरी होता. चूक माझी, यादी शेवटपर्यंत वाचायला हवी होती. एसएसईएडिट सेव्ह करताना जुनी प्रत बॅकअप फोल्डरमध्ये ठेवतो, तिथून आदल्या संध्याकाळपर्यंतचं काम परत मिळालं. तिसऱ्या रात्रीचं गेलं ते गेलं.

रात्री अकरानंतर, डोळ्यांवर झोप असताना, ज्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर काम पुसलं जातं असा प्रश्न मला वारंवार नको होता. मॉड ऑर्गनायझरमध्ये तो येतच नाही. अवजाराने नवी फाइल बनवली की ती डाव्या यादीच्या तळाशी 'ओव्हरराइट' नावाच्या कप्प्यात जमा होते. नेमेसिस चालवल्यावर तिथे राइट क्लिक करायचं, 'क्रिएट मॉड' निवडायचं, 'नेमेसिस आउटपुट' असं नाव द्यायचं. झाला तो एक वेगळा मॉड. नको असेल तेव्हा टिकमार्क काढायचा. आता बॉडीस्लाइडचा कप्पा वेगळा, नेमेसिसचा वेगळा, आणि माझ्या हातच्या पॅचेसचा सगळ्यात खाली, वेगळ्या सेपरेटरखाली. कुठली फाइल कुठून आली हे सहा महिन्यांनी बघितलं तरी कळतं.

मॉड एकमेकांवर चढतात तेव्हाचा अनुभवही वेगळा आहे. समजा एसएमआयएम (वस्तूंचे आकार सुधारणारा मॉड) आणि एखादं मोठं टेक्सचर पॅक दोघंही दोर आणि साखळ्या बदलतायत. व्होर्टेक्समध्ये विजेचं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक करून नियम लावायचा: हा त्याच्यानंतर. नियम एकदा लावला की पक्का, आणि तो कायम लक्षात ठेवला जातो, हे मला आवडायचं. पण नियम शंभराच्या घरात गेले की कधीतरी चक्र तयार होतं, म्हणजे अ नंतर ब, ब नंतर क आणि क नंतर पुन्हा अ. मग कुठला नियम सोडायचा ते शोधत बसायचं. मॉड ऑर्गनायझरमध्ये डाव्या यादीत मॉड वर-खाली ओढायचा, जो खाली तो जिंकतो. हिरवं अधिक चिन्ह म्हणजे हा दुसऱ्यावर चढतोय, लाल वजा म्हणजे याच्यावर कुणीतरी चढलंय. मॉडवर डबल क्लिक केलं की कॉन्फ्लिक्ट्सच्या टॅबमध्ये एकेक फाइल दिसते. मला यादी डोळ्यांनी वाचायची सवय, त्यामुळे हे सोयीचं गेलं. नियमांनी विचार करणाऱ्याला कदाचित उलट वाटेल. प्लगइनची क्रमवारी मात्र दोन्हीकडे लूट या क्रम लावणाऱ्या प्रोग्रामच्या नियमांनी लावून मिळते, तिथे फारसा फरक नाही.

मॉड ऑर्गनायझरमध्येही कटकटी आहेत, त्या लपवत नाही. प्रत्येक अवजार त्याच्या यादीत घालून तिथूनच सुरू करावं लागतं. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून एसएसईएडिट उघडला तर त्याला एकही मॉड दिसणार नाही, आणि पहिल्या महिन्यात हे हमखास होतं. गेम सुरू व्हायलाही माझ्या मशीनवर थोडा जास्त वेळ लागतो. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण जाणवतं. एसकेएसईचा लोडर किंवा ईएनबीच्या (गेमचं दृश्य सुधारणाऱ्या) फाइली डेटाच्या बाहेर, गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये असाव्या लागतात. त्या हाताने टाकाव्या लागतात, नाहीतर मॉड ऑर्गनायझरला रूट बिल्डर नावाची जोडणी लावावी लागते. व्होर्टेक्स हे काम स्वतःहून करतो, आणि एसकेएसई नसेल तर तसं सांगतो.

आणखी एक गोष्ट मला आधी किरकोळ वाटली होती, आता तिचं महत्त्व कळतं. माझी पुतणी सुट्टीत आली की माझ्या मशीनवर स्कायरिम खेळते, आणि तिला मॉड नको असतात. ती सरळ स्टीमवरून गेम सुरू करते आणि तिला मूळ गेम मिळतो. मला काही काढावं-घालावं लागत नाही. माझ्या प्रोफाइलमध्ये सेव्ह वेगळे ठेवायचा पर्याय मी चालू केलाय, त्यामुळे तिचे आणि माझे सेव्ह मिसळत नाहीत. व्होर्टेक्समध्येही प्रोफाइल आहेत, पण बदलताना पुन्हा डिप्लॉय व्हावं लागतं, आणि मोठ्या यादीला त्यात वेळ जातो.

तरीही माझ्या मावसभावाला मी व्होर्टेक्सच बसवून दिला. तो स्कायरिममध्ये वीसेक मॉड टाकतो, आणि सोबत स्टारड्यू व्हॅली, विचर ३, सायबरपंक २०७७ खेळतो. मॉड ऑर्गनायझरचा जीव मुख्यतः बेथेस्डाच्या, म्हणजे स्कायरिम बनवणाऱ्या कंपनीच्या, गेममध्ये आहे. व्होर्टेक्स हे सगळे गेम एका खिडकीत सांभाळतो. भाऊ एसएसईएडिट कधी उघडणार नाही, म्हणजे बाहेरून फाइली बदलण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे क्वचित येईल. नेक्ससवरचे कलेक्शन, म्हणजे कुणीतरी जुळवून ठेवलेली तयार यादी, हेही व्होर्टेक्समधून थेट बसतं. मोफत खातं असेल तर प्रत्येक मॉडला वेगळं क्लिक करावं लागतं, पण जुळवाजुळव दुसऱ्याने केलेली असते. शेकडो मॉडच्या तयार याद्या वाबाजॅक या प्रोग्रामनेही बसवता येतात, आणि त्या मॉड ऑर्गनायझरवर उभ्या राहतात. म्हणजे त्या वाटेला जाणार असाल तर प्रश्न आपोआप सुटला.

गेमच्या अपडेटपासून मात्र दोघंही वाचवत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशनच्या वेळी आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये एसकेएसईवर चालणारे कितीतरी मॉड एका रात्रीत बंद पडले. स्टीममध्ये हा गेम 'फक्त सुरू करताना अपडेट कर' यावर ठेवा आणि मॉडसकट खेळताना एसकेएसईच्या लोडरवरूनच चालवा; सरळ स्टीमवरून सुरू केला की अपडेट उतरू शकतो.

तुमची यादी पन्नासच्या आत राहणार असेल तर व्होर्टेक्स घ्यायला माझी ना नाही. पण एसएसईएडिट शिकायची इच्छा असेल, किंवा पहिल्याच आठवड्यात मॉड ऐंशीवर गेले असतील, तर पहिल्यापासून मॉड ऑर्गनायझर घ्या असं मी म्हणेन. प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा गेमच्या फोल्डरमध्ये तो टाकू नका, बाहेर (माझ्याकडे ई वर) साधं फोल्डर करा आणि पोर्टेबल इन्स्टन्स, म्हणजे सगळं एकाच फोल्डरमध्ये राहणारी मांडणी, निवडा. नवा एसएसडी घेतला तेव्हा मी ते अख्खं फोल्डर उचलून तिकडे नेलं, सेटिंगमधले पत्ते बदलले आणि त्याच संध्याकाळी खेळत होतो.

व्होर्टेक्सवरून येणार असाल तर आधी तिथे पर्ज करा आणि मग डेटा फोल्डर स्वतः उघडून बघा. मूळ गेममध्ये तिथे मुख्यतः गेमच्या स्वतःच्या बीएसए, ईएसएम आणि ईएसएल फाइली आणि व्हिडिओचं फोल्डर असतं. मेशेस किंवा टेक्सचर्स नावाचं सुटं फोल्डर दिसलं तर ते बॉडीस्लाइडसारख्या अवजाराने मागे सोडलेलं असणार. माझ्याकडे असं बरंच निघालं, ते मी हाताने काढलं. उतरवलेल्या झिप फाइली पुन्हा उतरवायची गरज नाही. व्होर्टेक्सच्या डाउनलोड्समधून उचलून मॉड ऑर्गनायझरच्या डाउनलोड्समध्ये टाका आणि प्रत्येकीवर राइट क्लिक करून 'क्वेरी इन्फो' दाबा, म्हणजे नाव आणि आवृत्ती जागेवर येते.