विसरलेलं बारोक धुंडाळायचं तर आधी कुठे: आयएमएसएलपी की रिस्म?

पियानोच्या पहिल्या वर्षी बाखच्या नावावर शिकवला जाणारा जी मेजरमधला मिन्युएट बाखचा नाही, ख्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. अडचण पुढे येते. बारोक काळातली (साधारण सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातली) एखादी अनोळखी सोनाटा हाती लागते. वर नाव असतं पण पटत नाही, किंवा नावच नसतं. मग शोध कुठून सुरू करायचा? इंटरनेटवर फुकट उपलब्ध असलेली दोन दारं आहेत: नोटेशनचा प्रचंड साठा असलेलं आयएमएसएलपी आणि हस्तलिखितांची जागतिक सूची असलेलं रिस्म. दोन्ही वापरावी लागतातच. पण आधी कुठलं उघडायचं यावर पुढची बरीच मेहनत वाचते किंवा वाया जाते.

आयएमएसएलपीच्या बाजूने बोलायचं तर यादी मोठी होईल. पान उघडलं की पीडीएफ हातात. सभासद नसाल तर काही सेकंद थांबवतात, एवढंच. स्कोअर, सुटे पार्ट, जुन्या छापील प्रतींचे स्कॅन, कधी रेकॉर्डिंगही. तीन आठवड्यांनी कार्यक्रम असलेल्या चौकडीला किंवा चर्चच्या गायकवृंदाला दुसरं काही सांगणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं. रिस्ममध्ये नोटेशन मिळत नाही. मिळते ती नोंद: अमुक ग्रंथालय, अमुक कपाटक्रमांक, इतकी पानं, नकलकार कोण, कागदातलं जलचिन्ह कसलं, आणि सुरुवातीचे काही स्वर. नशीब असेल तर ग्रंथालयाच्या स्कॅनचा दुवा. ड्रेस्डेनच्या राज्य ग्रंथालयाने जुन्या दरबारी वाद्यवृंदाचा 'श्रांक २' नावाचा साठा स्कॅन करून खुला केला आहे, तिथे नशीब बहुतेक वेळा असतं. लहान चर्चच्या संग्रहांबाबत तसं म्हणवत नाही.

तरीही रचना कुणाची हा प्रश्न असेल तर मला आयएमएसएलपीची एक गोष्ट फार खटकते, आणि खरं सांगायचं तर निवड तिथेच ठरली. स्कॅन असेल तर तक्रार नाही. पण विस्मृतीतल्या संगीतकारांच्या पानावर पुष्कळदा असते ती कुणी हौसेने संगणकावर नव्याने उतरवलेली प्रत. दिसायला स्वच्छ, वाजवायला सोपी. ती कोणत्या हस्तलिखितावरून केली हे अनेकदा लिहिलेलंच नसतं. आकड्यांच्या बासवरून (खालची ओळ आणि स्वरसंगती सुचवणारे आकडे) कीबोर्डचा उजवा हात संपादकाने भरलेला, स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी) त्यानेच घातलेले, क्वचित एखादी हरवलेली ओळही त्यानेच रचलेली. आणि हे सगळं मूळ स्वरांच्याच आकारात, त्याच शाईत. कंस नाही, बारीक टाइप नाही. मग आपण त्या उजव्या हातातल्या स्वरसंगती पाहून 'ही शैली अमक्याची वाटत नाही' असं म्हणायला लागतो, आणि शैली असते त्या हौशी संपादकाची.

हरवलेली ओळ ही काल्पनिक भीती नाही. विवाल्डीचा 'इल ग्रान मोगोल' हा बासरीचा कन्सर्टो (मोगल बादशहाच्या नावाचा, म्हणून आपल्याकडच्यांना जरा जवळचा) २०१० मध्ये एडिंबरामध्ये, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला. दुसऱ्या व्हायोलिनचा पार्ट गायब होता. तो तूरिनमध्ये असलेल्या, त्याच साच्याच्या दुसऱ्या बासरी कन्सर्टोवरून जुळवण्यात आला. इथे जोडकाम कुठे आहे ते जाहीर आहे. पण हीच गोष्ट टीप न लावता टाइप केलेल्या प्रतीत झाली तर वाजवणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

दुसरा फरक रचनेतला आहे, आणि तो कमी खटकतो पण जास्त खोल आहे. आयएमएसएलपीचं पान 'कृती'चं असतं आणि ते कुणाच्या तरी नावाखाली उघडतं. रिस्मची नोंद 'प्रती'ची असते. एकाच कृतीच्या पाच प्रती असतील आणि तिघांवर एक नाव, एकीवर दुसरं, एकीवर काहीच नसेल, तर पाचही नोंदी तशाच राहतात. शिवाय नावापुढे ते नाव कितपत भरवशाचं याचा शेरा असू शकतो: खात्रीचं, पडताळलेलं, अनुमानाने दिलेलं, शंकास्पद, चुकीने दिलेलं. जुन्या पोथ्यांतल्या प्रक्षिप्त ओव्यांचा वाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पाठभेदाच्या तक्त्यासारखं वाटेल.

वरचं नाव पुरावा आहे, निकाल नाही, याचं उत्तम उदाहरण व्हेनिसच्या इसेप्पो बाल्दान या नकलकाराचं. १७५० च्या दशकात ड्रेस्डेनच्या दरबाराला त्याने चर्चसंगीताच्या प्रती पुरवल्या. गालुप्पी या संगीतकाराला तेव्हा मागणी होती, विवाल्डी १७४१ मध्येच वारला होता आणि मागे पडला होता. बाल्दानने विवाल्डीच्या काही कृती गालुप्पीचं नाव घालून पाठवल्या. त्यातली 'निसी दोमिनुस' (आरव्ही ८०३; आरव्ही म्हणजे विवाल्डीच्या कृतिसूचीतला क्रमांक) २००३ मध्ये आणि 'दिक्सित दोमिनुस' (आरव्ही ८०७) २००५ मध्ये विवाल्डीच्या खात्यात परत आली. दोन्ही प्रती अडीचशे वर्षं ग्रंथालयात व्यवस्थित नोंदलेल्या होत्या. हरवलं होतं फक्त नाव. नकलकाराच्या रकान्यात 'बाल्दान' दिसलं आणि वर 'गालुप्पी' असलं की आता दोनदा पाहायचं.

नकलकाराचा रकाना म्हणूनच मोलाचा. ब्रसेल्सच्या रॉयल ग्रंथालयातल्या दोन निनावी शाकोन (पुन्हा पुन्हा येणाऱ्या बासवर बांधलेल्या रचना) २०२५ मध्ये बाखच्या सूचीत घेतल्या गेल्या (बीडब्ल्यूव्ही ११७८ आणि ११७९). संगीतसंशोधक पेटर वोल्नी यांनी त्या १९९२ मध्येच पाहिल्या होत्या. नक्कल बाखचा विद्यार्थी झालोमोन ग्युन्टर योन याच्या हातची हे ठरल्यावर गाडी पुढे सरकली. शैलीचा संशय आधीपासून होता, तो एकटा पुरला नाही.

आता प्रत्यक्ष वापर. रिस्मची खरी ताकद इन्सिपिटच्या शोधात आहे. इन्सिपिट म्हणजे कृतीचे अगदी सुरुवातीचे स्वर. आपल्या मुखड्याशी नातं सांगणारी गोष्ट, फक्त इथे तो ओळखपत्राचं काम करतो. सरावासाठी वरचाच मिन्युएट घ्या: डी-जी-ए-बी-सी-डी-जी-जी, मग ई-सी-डी-ई-एफ शार्प-जी. आठ स्वरांवर निकालांचा ढीग येतो, बारा-चौदा स्वर दिले की तो आटोक्यात येतो. याहून जास्त देऊ नका, कारण नोंद करणाऱ्यानेच तेवढे स्वर टिपलेले नसतात.

लिहिण्याची पद्धत थोडी विचित्र आहे. स्वर इंग्रजी अक्षरांनी, आणि जर्मन सवयीचा 'एच' चालत नाही. शुद्ध 'बी' म्हणजे 'बी'च. मधल्या सी पासूनच्या सप्तकाला एक अपॉस्ट्रॉफी, वरच्याला दोन, खालच्याला स्वल्पविराम. खूण दिली की ती बदलेपर्यंत लागू राहते, म्हणून बी वरून वरच्या सी वर जाताना नवी खूण विसरली की धून सातव्या स्वराएवढी खाली कोसळते आणि निकाल शून्य. मात्रांमध्ये क्वार्टरला ४, एट्थला ८, पण सिक्स्टीन्थला ६ आणि थर्टी-सेकंडला ३. कुणी १६ लिहिलं तर १ आणि ६ असे दोन आकडे वाचले जातात. लयीवर फार विसंबू नका, नकलकार ठिपके आणि शेपट्या सढळपणे बदलत. शोध नेमक्या स्वरांऐवजी स्वरांतरांवर लावा. बासरीची सोनाटा व्हायोलिनसाठी दुसऱ्या पट्टीत नेलेली असेल तर तशीच सापडते.

तरी काही आलं नाही तर? सजावटीचे छोटे स्वर काढून पाहा. सुरुवातीचा उठाव वगळून पाहा. गायनकृती असेल तर नोंद गायकाच्या पहिल्या ओळीची असेल आणि तुम्ही व्हायोलिनची ओळ दिली असेल. पहिल्या भागाऐवजी दुसऱ्या भागाचे स्वर द्या, कारण नकलकार भागांची अदलाबदल करत. आणि १८०० पूर्वीच्या छापील प्रतींच्या नोंदींना बहुधा इन्सिपिटच नसतो; तिथे शीर्षक आणि प्रकाशक यांनीच शोधावं लागतं. इटलीचे सगळे साठे रिस्ममध्ये नाहीत, म्हणून 'रिस्ममध्ये नाही' म्हणजे 'अस्तित्वात नाही' असं मुळीच नव्हे.

छापील प्रतींच्या बाबतीत रिस्म लंगडं पडतं हे मान्य करायला हवं. 'कोन्चेर्ती आर्मोनिची' १७४० मध्ये हेगला छापले गेले, संगीतकाराच्या नावाविना. पुढे ते पेर्गोलेसी या इटालियन संगीतकाराच्या नावावर चढले. १९८० च्या सुमाराला संगीतसंशोधक आल्बर्ट डनिंग यांना नेदरलंड्सच्या ट्विकल किल्ल्यात हस्तलिखित मिळालं, त्यात उनिको विल्हेम फान वासेनार या डच सरदाराच्या अक्षरात 'माझे कन्सर्टो' असा उल्लेख होता. खाजगी किल्ल्यातलं कपाट कुठल्याच सूचीत नव्हतं. असं काही शोधायला संगणक पुरत नाही.

उलट 'व्हिताली शाकोन'चं पाहा. इटालियन व्हायोलिनवादक तोमासो व्हितालीच्या नावाची ही रचना फर्डिनांड डाव्हिड या जर्मन व्हायोलिनवादकाने १८६७ मध्ये छापली आणि तिच्यातल्या धाडसी पट्टीबदलांमुळे त्यानेच ती रचली असावी असा संशय घेतला गेला. ड्रेस्डेनच्या संग्रहात अठराव्या शतकातली प्रत आहे, वर 'तोमासो व्हितालिनो' असं नाव, नक्कल याकोब लिंडनरची. म्हणजे डाव्हिड सुटला. रचना खरंच व्हितालीची का, हा प्रश्न मात्र राहिला. फक्त एकोणिसाव्या शतकातली नटवलेली आवृत्ती उघडून वाद घालणाऱ्याला यातला पहिला प्रश्नही सोडवता येत नाही. आल्बिनोनीच्या 'अडाजिओ'चं याच्या अगदी उलट: रेमो जाझोत्तो या इटालियन संगीतसंशोधकाने तो १९५८ मध्ये ड्रेस्डेनच्या एका तुकड्यावर बेतलेला म्हणून छापला, पण तो मूळ कागद कधी पुढे आला नाही. यात व्यवहारही आहे. आल्बिनोनी १७५१ मध्ये गेला, जाझोत्तो १९९८ मध्ये. भारतात मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो, त्यामुळे कार्यक्रमात किंवा व्हिडिओत तो वापरणाऱ्याने २०५८ अखेरपर्यंत जाझोत्तोला गृहीत धरावं.

तर वाजवायला काहीतरी नवं हवं असेल, आयएमएसएलपी. त्यात कमीपणा नाही. 'हे नक्की कुणाचं' हा किडा डोक्यात शिरला असेल, तर मी आधी रिस्म उघडेन, प्रतींची यादी करेन, आणि मग आयएमएसएलपीवर त्यातल्या कुठल्या प्रतीचा स्कॅन आहे ते पाहीन. उलट क्रमाने गेलं की पहिल्या दिसलेल्या नावाची सवय होते आणि ती सुटता सुटत नाही. स्कॅन कुठेच नसेल तर ग्रंथालयाला लिहावं लागतं. तेव्हा मेलच्या विषयात संगीतकाराचं नाव घालू नका. रिस्ममधला ग्रंथालयाचा संकेत (जर्मनीसाठी 'डी', मग आडवी रेघ, ड्रेस्डेनसाठी 'डीएल') आणि पूर्ण कपाटक्रमांक घाला. नाव चुकीचं असू शकतं हाच तर आपला मुद्दा आहे, आणि ग्रंथपालाला कागद कपाटक्रमांकानेच काढायचा असतो.