बियाणं विकणाऱ्यांनी पीआरएसची वेबसाइट उघडावीच

जालना जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. परवान्यापासून साठा रजिस्टरपर्यंत आमचं सगळं कायद्याला बांधलेलं, पण नवा कायदा येतोय हे आम्हाला बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरच्या आरडाओरड्यातून कळतं. त्यावर मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची वेबसाइट. दिल्लीची ही संस्था २००५ पासून संसदेतल्या विधेयकांचा अभ्यास करते. वेबसाइट वापरायला पैसे पडत नाहीत.

तिथल्या 'बिल ट्रॅक'मध्ये प्रत्येक विधेयकाचं एक पान असतं. कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक बघा. मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडलं, पुढे कृषीच्या स्थायी समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला. मूळ मसुदा, सोप्या भाषेतला सारांश आणि समितीचा अहवाल, सगळं एका जागी. विधेयक कुठवर आलंय हे कळलं की कुणाकडे बोलायचं तेही कळतं. समितीपुढे असेल तर समितीला लिहायचं, मंत्रालयाने नुसता मसुदा काढला असेल तर मंत्रालयाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. मुदत ११ डिसेंबर. म्हणजे नेमकी हरभरा-गव्हाच्या पेरणीची घाई. काउंटरवर एका शेतकऱ्याने विचारलं, "ताई, आता घरचं सोयाबीन बियाणं ठेवता येणार नाही म्हणतात, खरं का?" मी मसुदाच उघडून दाखवला. शेतकऱ्याला आपलं बियाणं राखता, पेरता, दुसऱ्याला देता, विकताही येईल, फक्त ब्रँडच्या नावाखाली विकता येणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. पिशवीवर क्यूआर कोड, विक्रेत्याची नोंदणी आणि मोठ्या गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड नि तीन वर्षांपर्यंत कैद, हेही होतं. आमच्या संघटनेत चर्चा व्हायला हवी होती ती यावर.

पीआरएसचा खरा उपयोग मला इथे झाला. २००४ च्या बियाणे विधेयकावरचं त्यांचं टिपण अजून तिथे आहे. शेतकऱ्याने विकलेल्या घरच्या बियाण्यालाही उगवणशक्ती-शुद्धतेचे किमान निकष लागू होणार होते, हा मुद्दा त्यांनी तेव्हाच मांडलेला. नव्या मसुद्यात कोणतं कलम नीट वाचायचं, हे जुनं टिपण वाचल्याने कळलं. विधेयक चांगलं की वाईट हे ते सांगत नाहीत. दोन्ही बाजू मांडतात आणि निर्णय आपल्यावर सोडतात. मला ते पटतं, कारण विक्रेता म्हणून माझं हित आणि माझ्या गिऱ्हाइकाचं हित दर वेळी एकच असेल असं नाही.

आता उणिवा. सारांश इंग्रजीत, बऱ्याच विधेयकांचे हिंदीतही, पण मराठीत नाहीत. तालुक्याच्या दुकानदाराला 'स्टँडिंग कमिटी रिपोर्ट' वाच म्हणणं सोपं नाही. मराठी सारांश आले तर आमच्या भागात ही वेबसाइट कितीतरी जास्त वापरली जाईल. दुसरं म्हणजे, मसुदे आधी त्या-त्या मंत्रालयाच्या वेबसाइटवर येतात. २०१४ च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो, त्यामुळे महिन्याला एकदा तरी कृषी मंत्रालयाचं पान उघडायलाच हवं. पीआरएसचा मासिक धोरण आढावाही वाचावा, पण मुदत संपत आली असेल तर त्याची वाट बघू नये.

राज्याच्या विधेयकांसाठी मात्र मी विधिमंडळाच्या वेबसाइटवरच जाते, तिथे मूळ मराठी मजकूर मिळतो. २०२३ मध्ये बोगस बियाण्यांविरुद्धची राज्याची विधेयकं आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेली आणि त्यांच्या विरोधात नोव्हेंबरमध्ये राज्यभरातल्या कृषी सेवा केंद्रांनी तीन दिवस बंद पाळला. कंपनीने सीलबंद दिलेल्या पिशवीतल्या दोषासाठी दुकानदार तुरुंगात का, हा आमचा प्रश्न रास्तच होता. पण तो कलमाच्या क्रमांकासह, पर्यायी शब्दरचनेसह लिहून दिला तरच समितीच्या कामाला येतो.

पाचपैकी चार तारे. एक मराठीसाठी राखून ठेवलाय.