चेनपी: आठ महिने वापरल्यानंतर

हाँगकाँगला राहायला आल्यावर पहिल्याच दिवाळीत फराळ खाऊन माझं पोट असं काही जड झालं, की शेजारच्या आजींनी घरातून बरणी आणून माझ्या हातात संत्र्याच्या काळपट सालीचा तुकडा ठेवला. इथे आजीला पो-पो म्हणतात आणि या सालीला चान पेइ. मंडारिनमध्ये चेनपी, अर्थ सरळ ‘जुनी साल’. आपल्याकडे संत्र्याची साल वाळवून उटण्यात घालतात, एवढंच मला ठाऊक होतं. साल मुरवून खातात हे नवीनच.

खरी नावाजलेली चेनपी ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुईची. तिथल्या खास जातीच्या संत्र्याची साल तीन पाकळ्यांत, एका टोकाला जोडलेली ठेवून सोलतात, उन्हात वाळवतात आणि किमान तीन वर्षं साठवल्यावरच तिला चेनपी म्हणतात. हिरव्या फळाची साल कडवट आणि उग्र, हिवाळ्यात पूर्ण पिकलेल्या लाल सालीला गोडसर वास. मला लालच मानवली.

माझी रीत सांगते. अर्ध्या तळहाताएवढा तुकडा वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचा. मऊ झाला की आतला पांढरा गर चमच्याच्या कडेने हलकेच खरवडायचा. सुरुवातीला हे मी केलं नाही आणि चहा कडूझार झाला. मग दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळायचा. पहिला वास संत्र्याचा, त्यामागून जुन्या लाकडी कपाटासारखा काहीतरी येतो. त्या दुसऱ्या वासासाठीच मी ही साल घेते.

गुण आला का? जेवणानंतरचा जडपणा आणि ढेकर यांवर मला नक्की आला. चिनी वैद्य ती कफावरही देतात, पण माझ्या जानेवारीतल्या खोकल्यावर तिने काहीच केलं नाही. मी रक्तदाबाची गोळी घेते, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलं. तुम्हीही विचारा, कारण चकोतऱ्यासारखी (ग्रेपफ्रूट) काही लिंबूवर्गीय फळं ठरावीक औषधांचा परिणाम बदलतात. आणि दुकानात शेजारीच जर्र-शी नावाची कच्ची, कडू संत्री वाळवून ठेवलेली असतात. ती वेगळी वस्तू आहे, त्यात सिनेफ्रीन हे रक्तदाब वाढवू शकणारं द्रव्य जास्त असतं. चेनपी समजून ती आणू नका.

स्वयंपाकात मात्र ही साल माझी झाली. इथे लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या बारीक दाण्यांची गोड खीर करतात, हुंग ताउ सा, तिच्यात हा तुकडा हवाच. मी तो मुगाच्या खिरीतही घालते, गुळाबरोबर फार छान लागतो.

आता तक्रार. को शिंग स्ट्रीट म्हणजे इथला औषधी मालाचा घाऊक बाजार. तिथल्या एका दुकानातून ‘वीस वर्षांची’ म्हणून तिप्पट पैसे मोजून आणली. भिजवताच पाणी चहासारखं गडद, साल बाहेरून-आतून सारखीच काळी, वास काहीच नाही. पो-पोंनी बोटाने चोळून पाहिली आणि म्हणाल्या, रंगवलेली आहे. मग त्यांनी स्वतःची साल खिडकीसमोर उजेडात धरून दाखवली: चाळणीसारखे बारीक ठिपके चमकत होते, त्या तेलाच्या पिशव्या. जुनी साल हलकी असते आणि एकमेकींवर आपटली की वाळक्या पानासारखी वाजते. लेबलावरचं वर्ष पाहू नका, नाक आणि कान वापरा.

साठवण हेच खरं काम. मार्चमध्ये इथे भिंतींना पाणी सुटतं. तेव्हा घट्ट न लावलेल्या एका बरणीत पांढरी बुरशी आली आणि सगळी साल टाकावी लागली. मनापासून वाईट वाटलं, पुढची दहा वर्षं मुरवायची म्हणून मी ती वेगळी काढली होती. आता कोरड्या उन्हाच्या दिवशी साल सुपात पसरते, गार झाली की बरणीत भरून वर तारीख लिहिते.

साठा तळाला लागलाय. पुढच्या शनिवारी पो-पोंना बरोबर घेऊनच जाणार आहे, तीन-चार वर्षांची लाल, दोन लेउंग, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम.