रबरावर उडणारा बाल्साचा किट : तीन रविवारांनंतरचं मत

एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे 'मुलांना सहज जोडता येईल' असं खोक्यावर दिसलं की मी आधी पक्कड शोधून ठेवतो. नात सातवीत आहे. तिला वाढदिवसाला रिमोटचं विमान हवं होतं. मी रबराच्या पिळावर उडणारं विमान जोडायचा ४५० रुपयांचा हा किट मागवला. दोन दिवस बाईसाहेब फुगून बसल्या होत्या.

आत बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, प्लॅस्टिकचा पंखा, तारेचा हुक, रबर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. कापणी एवढी सुबक की खाचेत खाच बसते, कुठे घासावं लागत नाही. याचे पैकीच्या पैकी. पाखं ४५ सेंटीमीटर लांब. जोडून झाल्यावर सोनाराच्या काट्यावर ठेवलं, २४ ग्रॅम भरलं. सोनार म्हणाला, "काका, घडणावळ किती लावू?"

एक पाख पिळवटलेलं आलं होतं. चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून उलटा पीळ दिला आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. सरळ झालं. चिकटवायला फेविकॉलच घ्या आणि रात्रभर वाळू द्या. फेविक्विकने काम झटपट होतं, पण पोरांची बोटंही तेवढीच झटपट चिकटतात.

आता तक्रार. माहितीचा कागद फक्त इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. बरं, तेही नातीने वाचलं असतं, पण जे सांगायलाच हवं तेच त्यात नाही : विमानाचा तोल कुठे हवा. पहिल्या रविवारी आम्ही शाळेच्या मैदानावर साडेसहालाच पोचलो, वारं सुटायच्या आत. सोडलं की विमान नाक वर करायचं, हवेत थबकायचं आणि खाली कोसळायचं. सात-आठ वेळा हेच. पोरीचे डोळे भरले. एखाद्या घरात किट तिथेच माळ्यावर गेला असता.

करायचं एवढंच : पाखांखाली दोन बोटं धरून विमान उचलायचं. पाखाच्या रुंदीचा पुढून साधारण तिसरा हिस्सा जिथे येतो, तिथे ते आडवं राहिलं पाहिजे. आमचं शेपटीकडे झुकत होतं. गणपतीतला उरलेला शाडू नाकाला लावला, वर सेलोटेप. मग रबर न पिळता नुसतं हाताने सोडून पाहिलं, तर गवतावर अलगद उतरलं. मग रबर पिळलं, तर डावीकडे गिरक्या. पंखा एकीकडे फिरतो, म्हणून विमान दुसरीकडे कलतं. नाकाच्या ठोकळ्याला डावीकडून पोस्टकार्डाची शिम, म्हणजे पातळ पाचर, टाकून पंखा किंचित उजवीकडे वळवला. इंजिनाच्या माउंटिंगला आयुष्यभर हेच केलं!

सोबतचं रबर म्हणजे निव्वळ फसवणूक. साठाव्या पिळाला तुटलं. आम्ही ऑफिसातली रबरं एकमेकांत गुंफून वापरली, त्यांना एरंडेल चोळलं. मशीनचं तेल चुकूनही लावू नका, रबर सडतं. हातड्रिलमध्ये हुक अडकवून, रबर दुप्पट-तिप्पट ताणून, पीळ देत देत जवळ यायचं. बोटाने पंखा फिरवत बसण्यापेक्षा रबरात कितीतरी जास्त पीळ मावतो.

नातीने शोधून काढलं की १८७१ साली पॅरिसच्या बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या माणसाने असंच रबरावरचं विमान ११ सेकंद उडवलं होतं, ४० मीटर. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेलं रबरावरचं खेळणंही पेनोच्याच रचनेवरून केलेलं. झालं, तेव्हापासून हातात माझं घड्याळ. तिसऱ्या रविवारी १४ सेकंद! "आजोबा, हरवलं त्याला!" म्हणत पोरगी मैदानभर पळाली.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. दीड कापला तो कागदासाठी आणि रबरासाठी. पण पहिलं विमान हेच द्या. रिमोटचं आपटलं की दुकान गाठावं लागतं, याची मोडलेली शेपूट नातीने स्वतः जोडली. दहा वर्षांखालच्या मुलांसोबत मात्र कोणीतरी मोठं बसायला हवं, हुकाची तार टोचते.

विकणाऱ्याला तोलाबद्दल आणि रबराबद्दल लिहून कळवलं, अजून उत्तर नाही. नातीने रिमोटचं नाव पुन्हा काढलेलं नाही. सध्या माझं हातड्रिल तिच्या दप्तरात असतं.